कॅनमधल्या वाइनचा मासिक बॉक्स: अमेरिकेतल्या नवख्यांसाठी

अमेरिकेत आल्यावर वाइनची ओळख करून घ्यावी असं वाटणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत अडचण एकच असते, ती म्हणजे बाटली मोठी पडते. पिणारं माणूस एकच असतं, किंवा दोघं असली तरी आठवड्यातून एखादा ग्लास. ७५० मिलीची बाटली उघडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चव उतरायला लागते आणि उरलेली ओतून द्यायचं जिवावर येतं. मग पुढच्या वेळी नवीन काही घ्यायचा धीर होत नाही, हात ओळखीच्या बाटलीकडेच जातो. वर्षानुवर्षं राहूनही माणूस दोन-तीन प्रकारांपलीकडे जात नाही.

कॅनमधल्या वाइनचा मासिक बॉक्स हा यावर मला सगळ्यात चांगला उपाय वाटतो. एका कॅनमध्ये सव्वा ते अडीच ग्लास वाइन असते, त्यामुळे एका महिन्यात सहा वेगळी द्राक्षं चाखता येतात आणि एखादी आवडली नाही तरी फार काही वाया जात नाही. हा बॉक्स चव शिकण्यासाठी घ्यावा, साठवण्यासाठी नाही. पुढच्या सगळ्या सूचना याच विचारातून आल्या आहेत.

वयाची अट आधी सांगते: अमेरिकेत कुठेही २१ वर्षं पूर्ण हवीत.

पहिलं काम: आपलं राज्य बघा

१९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा दारूचे नियम ठरवायचा अधिकार राज्यांकडे गेला, म्हणून आजही राज्य बदललं की नियम बदलतो. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या खटल्यात सांगितलं की राज्याने आपल्या वायनरींना, म्हणजे वाइन बनवणाऱ्यांना, घरपोच विक्रीची मुभा दिली असेल, तर बाहेरच्या वायनरींना ती नाकारता येणार नाही. तेव्हापासून घरपोच वाइनचा रस्ता बराच मोकळा झाला. तरी युटासारख्या राज्यात वाइन घरी मागवता येत नाही.

यात एक बारकी गोष्ट आहे. असे मासिक बॉक्स पाठवणाऱ्यांना क्लब म्हणतात. काही क्लब वायनरीच्या परवान्यावर चालतात, काही दुकानदाराच्या. वायनरीला बहुतेक राज्यांत माल पाठवता येतो, बाहेरच्या दुकानदाराला मात्र फारच थोड्या राज्यांत. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या बहिणीला मिळणारा बॉक्स तुम्हाला मिळेलच असं नाही. साइटवर पसंती-नापसंतीची प्रश्नावली भरत बसण्याआधी झिप कोड टाकून बघा.

सरकारी टपालाने दारू पाठवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून पीओ बॉक्सचा पत्ता चालत नाही. माल यूपीएस किंवा फेडएक्सने येतो, आणि तोही परवानाधारक विक्रेत्याकडूनच. बॉक्समधले दोन कॅन मैत्रिणीला कुरियरने पाठवू, असं मनात आलं तर ते करू नका. खाजगी व्यक्तीची दारू या कंपन्या स्वीकारत नाहीत. भेट द्यायची असेल तर क्लबकडूनच तिच्या पत्त्यावर पाठवा.

मापाचं गणित

"बारा कॅन" एवढं वाचून भाव ठरवू नका. अमेरिकेत वाइनचे कॅन मुख्यतः १८७, २५० आणि ३७५ मिलीचे असतात. बारा कॅनचा बॉक्स १८७ मिलीचा असेल तर त्यात साधारण तीन बाटल्यांएवढी वाइन असते, २५०चा असेल तर चार आणि ३७५चा असेल तर सहा. म्हणजे बाराच कॅनच्या दोन बॉक्समध्ये चक्क दुपटीचा फरक पडू शकतो. एकूण मिली काढा, ७५० ने भागा आणि शिपिंग धरून येणाऱ्या किमतीला त्या आकड्याने भागा. समजा २५० मिलीच्या बारा कॅनचे सगळं धरून ९६ डॉलर होत असतील, तर बाटलीला २४ डॉलर पडले. आता हा भाव जवळच्या दुकानात २४ डॉलरला मिळणाऱ्या बाटलीशी ताडून बघा. छोट्या, चांगल्या वायनरीची वाइन असेल तर तो वाजवी आहे. कोणी बनवली तेच कळत नसेल, तर महाग आहे.

दुकानात २५० मिलीचे कॅन बऱ्याचदा चार-चारच्या पॅकमध्ये का दिसायचे, याचं कारणही मापातच आहे. २०२० च्या डिसेंबरपर्यंत हे माप वाइनसाठी मान्यच नव्हतं. मग एक लिटर भरेल असे चार कॅन एकत्र बांधून विकायचे. त्यानंतर २००, २५० आणि ३५५ मिली ही मापं अधिकृत झाली आणि सुटे कॅन मिसळून बॉक्स भरणं सोपं झालं. चाखणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे.

कोणता क्लब निवडायचा

कॅनमधली वाइन म्हणजे हलक्या दर्जाची, हा समज आता जुना झाला. २०१३ च्या सुमारास ओरेगनच्या युनियन वाइन कंपनीने 'अंडरवूड' नावाने पिनो न्वार या द्राक्षाची रेड वाइन ३७५ मिलीच्या कॅनमध्ये आणली, आणि तेव्हापासून बऱ्याच वायनरी या वाटेला आल्या. मेकर किंवा नोमॅडिका यांसारखी नावं तर कॅनच्याच वाइनसाठी ओळखली जातात.

निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते: प्रत्येक कॅनवर वायनरीचं नाव, द्राक्षाचं नाव, प्रदेश आणि साल आहे का? अमेरिकन लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव असेल तर निदान ७५ टक्के वाइन त्या द्राक्षाची असावी लागते. ओरेगनने पिनो न्वारसारख्या द्राक्षांसाठी हा आकडा ९० टक्के ठेवला आहे. शिकायचं असेल तर हे महत्त्वाचं आहे. नुसतं "रेड ब्लेंड", म्हणजे अनेक द्राक्षांचं मिश्रण, पिऊन कुठल्या द्राक्षाची चव कशी, हे कधीच कळणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बॉक्समध्ये वाइन आहे की वाइनचं सरबत. स्प्रिट्झर, कूलर असं लिहिलेल्या कॅनमध्ये सोडा, साखर, फळांचे स्वाद मिसळलेले असतात. ७ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या पेयांवर खाद्यपदार्थांसारखा पोषणमूल्यांचा तक्ता असतो, त्यावरून ते लगेच ओळखता येतात. त्यांत वाईट काहीच नाही. उन्हाळ्यात छान लागतात. पण वाइनच्या भावाने ते घेऊ नका.

नाशिकच्या सुलाची 'दिया' किंवा अकलूजच्या फ्रॅटेलीची 'टिल्ट' तिकडे कॅनमधून प्यायला असाल, तर तो अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. दिया मुळात हलकी, गोडसर, बुडबुड्यांची आणि कमी अल्कोहोलची आहे. इथल्या बॉक्समधले बहुतेक कॅन कोरडे, म्हणजे गोडवा नसलेले, आणि १२ ते १४ टक्क्यांचे असतात.

पहिला बॉक्स मिश्र घ्या: दोन व्हाइट, एक रोझे (गुलाबी), एक स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), दोन रेड. "फक्त रेड" हा पर्याय निदान पहिले तीन महिने निवडू नका. व्हाइट आणि रोझे कॅनमध्ये फार खुलतात, आणि आपल्या जेवणाशीही त्यांचं जास्त जमतं.

पैसे भरण्याआधी

पहिल्या बॉक्सवरची सूट बघून घाई होते. चार गोष्टी वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर देऊ नका. दुसऱ्या बॉक्सची खरी किंमत किती? पैसे कोणत्या तारखेला कापले जातात? एखादा महिना वगळता येतो का, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं? निदान अमुक बॉक्स घ्यायलाच हवेत अशी अट आहे का? पैसे बहुतेक वेळा माल निघण्याच्या काही दिवस आधी कापले जातात, आणि "वगळा" ची मुदत त्याच्याही आधी संपते. पैसे कापायची तारीख कळली की लगेच फोनमध्ये तिच्या आठवडाभर आधीची आठवण लावून ठेवा.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार जे सबस्क्रिप्शन ऑनलाइन घेता येतं ते ऑनलाइनच बंदही करता आलं पाहिजे. इतर राज्यांत राहत असाल तर बंद करायची सोय खात्यात कुठे आहे ते आधीच शोधा. "बंद करण्यासाठी फोन करा" असं लिहिलेलं असेल, तर मी तो क्लब सोडून दुसरा बघेन.

बॉक्स दारात येतो तेव्हा

पार्सल दारात ठेवून जाणार नाहीत. २१ वर्षांवरील व्यक्तीने ओळखपत्र दाखवून सही करावी लागते. दोघंही कामावर असाल तर पार्सल फिरून फिरून शेवटी परत जातं. त्यामुळे ऑफिसचा पत्ता चालत असेल तर तो द्या, किंवा माल निघाल्याचा निरोप येताच कुरियरच्या ॲपवरून तो जवळच्या केंद्रावर ठेवायला सांगा. अपार्टमेंटच्या ऑफिसवर विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी ते दारूचं पार्सल घेत नाहीत.

भारतातून आईबाबा आलेले असतील तर त्यांना आधी सांगा. सही करायला पासपोर्ट दाखवता येतो, पण दारात उभा असलेला माणूस वाइनसाठी ओळखपत्र मागतोय हे अचानक कळणं त्यांना आवडेलच असं नाही. घरात कोणाला हे पटत नसेल, तर ते राहतील तेवढे महिने बॉक्स थांबवणं मला जास्त योग्य वाटतं.

हवामानाचाही विचार करा. जुलैमध्ये टेक्सास किंवा ॲरिझोनात राहत असाल तर माल तापलेल्या ट्रकमध्ये दिवसभर फिरणार, आणि जानेवारीत मिनेसोटात तो गोठू शकतो. चांगले क्लब अशा काळात माल रोखून धरतात. नसेल तर तुम्ही तो महिना वगळा. बॉक्स उघडल्यावर एखादा कॅन फुगलेला, चिकट किंवा शिवणीपाशी ओला दिसला, तर फोटो काढून त्याच दिवशी क्लबला कळवा. तो उघडू नका.

ताजी असतानाच प्या

प्रत्येक कॅन उलटा करून तळ बघा. तिथे छापलेली तारीख किंवा कोड असतो. ती भरल्याची तारीख असेल तर गेल्या काही महिन्यांतली असावी. नुसता कोड असेल आणि अर्थ लागत नसेल, तर क्लबला विचारा. काळजी घेणारे लोक लगेच सांगतात.

हे एवढं महत्त्वाचं का, हे कॉर्नेल विद्यापीठातल्या गेविन सॅक्स यांच्या चमूने शोधून काढलं. वाइन टिकावी म्हणून तिच्यात सल्फर डायऑक्साइड घालतात. कॅनला आतून प्लॅस्टिकसारखा पातळ लेप असतो, पण सल्फर डायऑक्साइडचा काही भाग त्यातून झिरपतो, ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास असतो तोच हा वायू. त्यांच्या प्रयोगांत हा वास चार ते आठ महिन्यांत जाणवण्याइतका वाढू शकतो असं दिसलं, तेही सल्फर डायऑक्साइडचा मुक्त, म्हणजे दुसऱ्या कशाला न चिकटलेला, अंश जास्त असलेल्या वाइनमध्ये. रेड वाइनमध्ये ही अडचण जवळजवळ येत नाही, कारण तिच्या रंगातली द्रव्यं सल्फर डायऑक्साइडला धरून ठेवतात.

म्हणून बॉक्स आला की क्रम लावा: व्हाइट, स्पार्कलिंग आणि रोझे आधी, रेड नंतर. कॅन म्हणजे मुरवायचं भांडं नव्हे. पुढच्या दिवाळीसाठी ठेवून देण्यात काहीच मिळत नाही. ठेवायचे असतील तेवढे दिवस थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. उन्हाळ्यात गॅरेज अजिबात नको.

उघडल्यावर हलकासा अंड्याचा किंवा काडेपेटीच्या काडीचा वास आला तर लगेच मोरीत ओतू नका. ग्लासात ओता, दोन-तीन मिनिटं गोल फिरवा. बऱ्याचदा तो उडून जातो. नाहीच गेला, तर घासून लख्ख केलेला तांब्याचा चमचा काही सेकंद ग्लासात ढवळून काढा. तांबं तो वायू पकडतं आणि खालचा फळांचा वास वर येतो. चमचा त्यात ठेवून मात्र देऊ नका. वाइन आंबट असते, तिला तांबं उतरतं.

चाखायचं कसं

कॅनला तोंड लावून पिऊ नका. सहलीला चालेल, शिकताना नाही. वाइनची निम्मीअधिक चव नाकात असते आणि कॅनच्या फटीतून नाकापर्यंत काहीच पोचत नाही. महागडे ग्लास नकोत. वर थोडा निमुळता होणारा कोणताही काचेचा ग्लास पुरतो. तिसरा हिस्सा भरा, म्हणजे फिरवायला जागा राहते.

साधी, बुडबुडे नसलेली वाइनही उघडताना फुस्स असा आवाज करते. ती आंबलेली नाही. भरताना त्यात द्रव नायट्रोजनचा थेंब टाकतात. त्याचा वायू होतो, प्राणवायू बाहेर ढकलला जातो आणि पातळ कॅनला आतून टेकू मिळतो.

कॅन भराभर थंड होतो. बर्फ आणि पाणी भरलेल्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर फुटतो. व्हाइट आणि रोझे ७ ते १० अंश सेल्सिअसला चांगली लागते, म्हणजे फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी. रेड मात्र आपण "खोलीच्या तापमानाला" म्हणून चांगलीच कोमट पितो. कॅनमधली हलकी रेड अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून बघा, चव एकदम नीटस होते.

खरी शिकवण दोन कॅन शेजारी शेजारी उघडण्यात आहे, आणि बाटलीने ती घरी परवडत नाही. शनिवारी संध्याकाळी दोघं-तिघं जमा, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शार्डने या दोन व्हाइट उघडा, प्रत्येकाला दोन-दोन घोट द्या. पहिलीला लिंबाच्या सालीचा, कापलेल्या गवताचा, कच्च्या पेरूचा वास येतो. जिभेच्या कडांना पाणी सुटतं. दुसरी तोंडात जड, गुळगुळीत लागते, आणि लाकडी पिंपात ठेवलेली असेल तर भाजलेल्या बदामाकडे झुकते. एकेकटी प्यायली असती तर दोन्ही "छान" एवढंच म्हणाला असतात. पुढच्या आठवड्यात पिनो न्वार आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन रेड घ्या: एक रातांब्यासारखी हलकी आंबटगोड, दुसरीने हिरड्या कोरड्या पडतात. तो कोरडेपणा म्हणजे टॅनिन, कडक चहात असतं तेच.

वहीत प्रत्येकीसाठी दोन ओळी लिहा, आणि आपल्या शब्दांत लिहा. इंग्रजी चिठ्ठीवर गूजबेरी लिहिलेलं असेल आणि तुम्हाला आवळा आठवत असेल तर आवळाच लिहा. तुम्हाला पुढे उपयोग त्याचाच होणार आहे.

आपल्या ताटाबरोबर

क्लबच्या चिठ्ठीत चीज आणि स्टेक लिहिलेलं असतं, आपल्या ताटात भरली वांगी असतात. दोन नियम लक्षात ठेवले की पुष्कळ काम होतं. जास्त अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि टॅनिनने ती आणखी झोंबते. थोडा गोडवा आणि थंडपणा ती शमवतो.

म्हणून मिसळ किंवा तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्ने उघडू नका. रीसलिंग नावाची किंचित गोडसर व्हाइट थंडगार घ्या. साबुदाणा वडा, बटाटेवडा, कोथिंबीर वडी अशा तळणीबरोबर स्पार्कलिंगसारखं दुसरं काही नाही. बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातलं तेल साफ करतात. सुरमई फ्रायला सोव्हिन्यों ब्लाँ, दाण्याच्या कुटाच्या रसभाज्यांना कोरडी रोझे किंवा शनँ ब्लाँ ही व्हाइट, वांग्याच्या भरताला थोडी गार पिनो न्वार. श्रीखंड, पुरणपोळीबरोबर कोरडी वाइन आंबट-कडू लागते, कारण पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड हवी. मोस्कातो ही गोड वाइन असेल तर बघा, नाहीतर तिथे वाइन नकोच.

एक कॅन म्हणजे एक ग्लास नव्हे

अमेरिकेत एक "ड्रिंक" म्हणजे १२ टक्क्यांची साधारण १४८ मिली वाइन. २५० मिलीचा १२ टक्क्यांचा कॅन म्हणजे १.७ ड्रिंक, आणि ३७५ मिलीचा १३ टक्क्यांचा कॅन म्हणजे अडीचहून जास्त. बिअरच्या कॅनच्या सवयीने एकच तर प्यायलो असं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. ३७५चा कॅन दोघांत वाटून घ्या.

कॅनला परत लावायचं बूच नसतं. उरलेली वाइन छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. उघडा कॅन गाडीत नेऊ नका. बहुतेक राज्यांत गाडीत माणसं बसतात त्या भागात उघडी दारू असणं हाच गुन्हा आहे, तुम्ही प्यायला असा किंवा नसा. पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा जवळजवळ सगळीकडे रक्तात ०.०८ टक्के आहे, युटात ०.०५. व्हिसावर असलेल्यांनी तर हे फार गंभीरपणे घ्यावं: पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी खटल्याचा निकाल लागायच्या आधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. कॅन उघडायचा ठरला की परतीच्या गाडीची सोय आधी करा.

रिकामे कॅन, आणि थांबायचं कधी

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून वाइनच्या कॅनवरही अनामत रक्कम लागते, कॅनमागे ५ सेंट. विसळून, न चेपता जमा केंद्रावर दिले की ती परत मिळते. तुमच्याकडे अशी अनामत नसेल तर नेहमीच्या रिसायकलिंगमध्ये टाका.

तीन-चार बॉक्स झाले की वही चाळा. एकाच द्राक्षाभोवती, एखाद्याच प्रदेशाभोवती चांगल्या नोंदी जमलेल्या दिसतील. तसं झालं की मिश्र बॉक्स बंद करून त्या वायनरीचेच कॅन सुटे मागवा, किंवा दुकानात जाऊन त्या प्रदेशाची बाटली घ्या. कपाटात मागच्या महिन्याचे कॅन शिल्लक असताना पुढचा बॉक्स निघाल्याचा निरोप आला, तर त्याच दिवशी पुढचा महिना वगळा. बंद करताना खात्यातल्या "रद्द झाले" या पानाचा फोटो काढून ठेवा, खात्रीची ईमेल जपा, आणि पुढच्या महिन्यात कार्डाचं स्टेटमेंट एकदा तपासा. पैसे कापले गेलेच, तर तो फोटो जोडून आधी क्लबकडे आणि तिथे दाद लागली नाही तर बँकेकडे तक्रार करा.